ब्रोकर सगळ्यात शेवटी

‘कुठल्या ब्रोकरकडे खातं उघडू?’ असं कोणी विचारलं की मी हल्ली उलट विचारतो, ‘तुमचा यूएएन नंबर ठाऊक आहे का?’ समोरचा गोंधळतो. आपण शेअर बाजाराचं विचारलं आणि हा पीएफचं काय काढून बसलाय! बहुतेकांना तो नंबर ठाऊक नसतो. आधीच्या दोन नोकऱ्यांमधला पीएफ कुठे पडलाय, हेही ठाऊक नसतं. फोनवर मात्र तीन ॲप असतात. एकात कोणीतरी सुचवलेले सात शेअर, दुसऱ्यात पाच एसआयपी आणि तिसरं का घेतलं होतं ते आता आठवत नाही.

स्वतःचे पैसे स्वतः गुंतवायचे असं ठरवलं की आपला क्रम बहुधा असा लागतो. आधी ॲप, कारण ते दहा मिनिटांत सुरू होतं. मग ॲप दाखवेल ते फंड. निवृत्तीचा विचार थेट वर्षअखेरीला, ऑफिसातून गुंतवणुकीचे पुरावे मागणारी मेल आली की. माझं म्हणणं, हा क्रम पुरता फिरवा. निवृत्तीची खाती आधी, फंड नंतर, ब्रोकर सगळ्यात शेवटी. कदाचित ब्रोकर लागणारही नाही. मी काही सेबीकडे नोंदलेला सल्लागार नाही. पंचवीसेक वर्षं घरचे पैसे स्वतः सांभाळताना ज्या चुका केल्या, त्यांच्या जिवावर हे लिहितोय.

पीएफपासून सुरुवात करायची, कारण बहुतेक नोकरदारांची सगळ्यात मोठी गुंतवणूक तीच असते आणि ती त्यांनी निवडलेलीही नसते. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के आपले, तेवढेच कंपनीचे. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण तेही १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. बाकी सगळं पीएफमध्ये. २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. इतक्या सुरक्षित जागी एवढं व्याज देणारी बँक मला तरी माहीत नाही. जास्त भरायचे असतील तर ऑफिसात सांगून व्हीपीएफ सुरू करता येतो. फक्त वर्षाला आपल्या वाट्याचे अडीच लाखांहून जास्त गेले, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो.

नोकरी बदलताना हा पीएफ काढून घ्यायचा मोह होतो. मीही घेतलाय. १९९८ साली पहिली नोकरी सोडली तेव्हा हातात एकोणीस हजार आले आणि घरात फ्रिज आला. फ्रिज केव्हाच भंगारात गेला. ते पैसे तिथेच ठेवले असते तर आज दीड लाखाच्या पुढे असते. शिवाय सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर बसतो. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि मध्येच पेन्शनचे पैसे काढले की ती मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून नवी नोकरी लागली की जुना पीएफ नव्याला जोडून घ्यायचा आणि त्याच बैठकीत ई-नॉमिनेशन भरून टाकायचं. फंडाचा विचार त्यानंतर.

ज्यांना पीएफ नाही, म्हणजे दुकानदार, डॉक्टर, क्लास चालवणारे, त्यांच्यासाठी पीपीएफ. पोस्टात किंवा बँकेत, वर्षाला कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षांची मुदत, पण ती खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. २०२० च्या एप्रिलपासून पाच वर्षांहून अधिक काळ त्याचा व्याजदर ७.१ टक्क्यांवर आहे आणि व्याज करमुक्त. व्याज मोजताना महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरतात. म्हणून ६ तारखेला भरलेले पैसे त्या महिन्यापुरते फुकट. मुदत संपल्यावर पैसे भरत राहून खातं पाच-पाच वर्षांनी वाढवायचं असेल तर वर्षाच्या आत तसा अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ जण इथेच विसरतात. धंदेवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट मोलाची आहे. धंद्यातल्या कर्जापायी कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी पीपीएफच्या रकमेवर जप्ती येत नाही. परदेशात स्थायिक झालेल्यांना नवं पीपीएफ उघडता येत नाही. जुनं असेल ते मुदतीपर्यंत चालतं.

एनपीएसबद्दल माझं मत थोडं आखडतं आहे. खर्च अगदी कमी, शेअर आणि रोखे यांची वाटणी आपण ठरवू शकतो, हे सगळं खरं. महाराष्ट्र सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना निवडीचा प्रश्नही फारसा आला नाही. बाकीच्यांसाठी २००९ च्या मे महिन्यापासून हे दार उघडं आहे. पण साठीला पोचल्यावर जमलेल्या रकमेतला एक भाग विमा कंपनीकडून ॲन्युइटी, म्हणजे ठरावीक पेन्शन, विकत घेण्यात घालावाच लागतो. आधी तो भाग किमान ४० टक्के होता. २०२५ च्या डिसेंबरातल्या नव्या नियमांनी बिगर-सरकारी सभासदांसाठी तो २० टक्क्यांवर आला. ही पेन्शन तुमच्या उत्पन्नात धरून तिच्यावर कर लागतो. माझा निकाल असा: कंपनी तुमच्या एनपीएसमध्ये स्वतःच्या वाट्याचे पैसे घालत असेल तर डोळे झाकून घ्या, कारण मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंतच्या त्या रकमेवर नव्या करपद्धतीतही सूट आहे. कंपनी घालत नसेल तर घाई नाही.

नव्या करपद्धतीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ज्याला आपण सगळे ‘८०सी’ म्हणतो ती दीड लाखाची सूट नव्या पद्धतीत मिळत नाही. तरीही दर मार्चमध्ये नव्या पद्धतीतले लोक ‘टॅक्स वाचवायला’ विमा पॉलिसी घेताना दिसतात. पॉलिसीचा हप्ता वीस वर्षं मानगुटीवर बसतो आणि कर एक पैशानेही कमी होत नाही. विमा हवा असेल तर साधा टर्म इन्शुरन्स घ्यावा. परतावा आणि विमा एकाच भांड्यात शिजवू नये, दोन्ही कच्चे राहतात.

आता खाती आधी का, याचं खरं कारण. माझी एक मावसबहीण चाळिशीची आहे. दर महिन्याला एसआयपी करते आणि ‘माझे सगळे पैसे मार्केटमध्ये आहेत गं बाई’ म्हणून बाजार पडला की जीव टांगणीला लावून बसते. एका दुपारी कागद-पेन घेऊन बसलो. पीएफ आणि पीपीएफ मिळून २२ लाख, फंडांत ८ लाख. म्हणजे तीस लाखांपैकी जेमतेम २७ टक्के शेअरमध्ये! तिला रोखे-फंडाची, बॅलन्स्ड फंडाची, सोन्याच्या फंडाची काहीच गरज नव्हती. तिची सुरक्षित बाजू पीएफनेच भरून काढली होती, आणि बाजार निम्म्यावर आला असता तरी तिची एकूण पुंजी १३-१४ टक्क्यांनीच घटली असती. हा हिशेब आधी केला नाही तर फंड निवडणं म्हणजे पायाचं माप न देता चप्पल शिवायला टाकणं.

फंडाकडे वळलो की पहिला शब्द वाचायचा तो ‘डायरेक्ट’. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेची दोन रूपं असतात. ‘रेग्युलर’मध्ये दलालाचं किंवा बँकेचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशांतून वळतं होतं, ‘डायरेक्ट’मध्ये ते नसतं. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअर तेच. शेअरवाल्या योजनांत फरक साधारण अर्धा ते एक टक्का पडतो आणि तो पावतीवर कुठे दिसत नाही. माझ्या बँकेतला एक हसतमुख मुलगा मला सहा वर्षं फंड सुचवत होता आणि मी त्याला दर दिवाळीला मिठाई देत होतो. सगळे रेग्युलर निघाले. चूक त्याची म्हणता येणार नाही, मी स्टेटमेंट उघडून कधी वाचलंच नव्हतं.

एक टक्का म्हणजे किती? महिन्याला १०,००० रुपये, पंचवीस वर्षं. वर्षाला १२ टक्के परतावा धरला तर हाती येतात १ कोटी ९० लाखांच्या आसपास. ११ टक्के धरला तर १ कोटी ५९ लाख. फरक जवळपास ३१ लाखांचा, आणि तुम्ही खिशातून घातलेले एकूण पैसे होते ३० लाख. म्हणजे एका टक्क्यापायी गेलेली रक्कम तुमच्या सगळ्या मुदलाहून मोठी. १२ टक्के मिळतीलच असं कोणी सांगू शकत नाही. कमिशन मात्र बाजार चढो वा पडो, वळतं होतच राहतं.

तरी कमिशनवाल्यांची एक बाजू मांडायला हवी. २०२० मध्ये जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या दोन महिन्यांत निफ्टी सुमारे ४० टक्के कोसळला. २००८ मध्ये तर सहा हजारांच्या वरून ऑक्टोबरात अडीच हजारांवर आला होता. अशा वेळी घाबरून सगळं विकणाऱ्या माणसाला ज्याने फोन करून थांबवलं, त्या वितरकाने आपला टक्का कमावला. आपण तसे घाबरणारे आहोत का, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे ठरवावं. घाबरणारे असाल आणि कमिशनही नको असेल, तर मधला मार्ग आहे: सेबीकडे नोंदलेला आणि फक्त आपल्याकडून फी घेणारा सल्लागार. वर्षातून एकदा त्याला भेटायचं, पैसे मोजायचे, बाहेर पडायचं.

जुने रेग्युलर फंड आहेत म्हणून उद्याच सगळे हलवू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हे आयकराच्या लेखी विकणंच असतं. शेअरवाल्या फंडाचा वर्षावरचा नफा असेल तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आतला नफा असेल तर वीस टक्के. म्हणून आधी नव्या एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करायच्या, जुन्या थांबवायच्या आणि जुनी पुंजी दर वर्षी सव्वा लाखाच्या नफ्याच्या हिशेबाने थोडी थोडी हलवायची. मला यात चार वर्षं लागली.

मग फंड कुठला? सेबीने २०१७ मध्ये फंडांची वर्गवारी करून छत्तीस प्रकार ठरवून दिले. त्यातले तीसेक प्रकार तुम्हाआम्हाला आयुष्यात लागत नाहीत. सुरुवात निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडाने करावी असं माझं मत आहे. देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या, जशा निर्देशांकात तशाच फंडात. मॅनेजरच्या हुशारीवर पैज नाही. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड काढला तेव्हा लोक हसले होते. अशा फंडाचा डायरेक्टमधला खर्च शंभर रुपयांमागे वर्षाला दहा ते तीस पैशांच्या घरात असतो. दोन इंडेक्स फंडांत निवड करताना खर्चाबरोबर हे बघावं, की निर्देशांक, लाभांश धरून, जेवढा वाढला त्याच्या किती मागे हा फंड राहिला. हा फरक दर वर्षी कमी आणि सारखा असेल तो फंड बरा. बाकी नावात काही नाही. त्याच्या जोडीला हवं तर निफ्टी नेक्स्ट ५० किंवा एखादा फ्लेक्सी कॅप. मिड आणि स्मॉल कॅपला माझा विरोध नाही, पण गेल्या वर्षीचा परतावा बघून त्यात शिरणाऱ्याला माझा विरोध आहे.

फंड किती असावेत, यावर मी हट्टी आहे. तीन. चौथा घ्यायचा तर आधीच्या तिघांतला कुठला काढणार, ते आधी सांगा. लोकांकडे अकरा-अकरा फंड असतात आणि सगळ्यांत त्याच बँका, तेच आयटीवाले, तीच तेल कंपनी. एकच आमटी अकरा वाट्यांत. नवीन फंड निघाला आणि ‘दहा रुपयांत युनिट’ म्हणून कोणी सांगितलं तर लक्षात ठेवा, दहा रुपयांचं युनिट स्वस्त नसतं आणि हजाराचं महाग नसतं. आत कुठले शेअर आहेत त्यावर सगळं. फॉर्मवर ‘ग्रोथ’ निवडा. ‘आयडीसीडब्ल्यू’ म्हणजे जुना डिव्हिडंडचाच पर्याय. तो आपलेच पैसे आपल्याला परत करतो आणि वर कर लावतो.

अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेतल्या एफडीत किंवा लिक्विड फंडात असावा. एका बँकेत एका व्यक्तीच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे, तेवढं ध्यानात धरून. जास्त व्याजाच्या रोखे-फंडांचा मोह मी तरी सोडून दिलाय. एप्रिल २०२० मध्ये फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना एका रात्रीत बंद केल्या आणि ‘सुरक्षित’ म्हणून ठेवलेले पैसे लोकांना टप्प्याटप्प्याने, वाट बघून मिळाले. त्यात एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या रोखे-फंडांवर उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणेच कर लागतो. मग एफडीने काय घोडं मारलंय?

इथवर आलो आणि अजून ब्रोकर लागलेला नाही. म्युच्युअल फंड घ्यायला डिमॅट खातं लागतच नाही. फंड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा एमएफ सेंट्रलवरून थेट डायरेक्ट योजना घेता येते. केवायसी एकदा झालं की झालं. सरकारी रोखे हवे असतील तर रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट ही सोय २०२१ पासून आहे, तिथेही दलाल नाही.

ब्रोकर लागतो तो शेअर, ईटीएफ, रिट अशा गोष्टींसाठी. तो निवडताना लोक ‘ब्रोकरेज किती?’ एवढंच विचारतात. वर्षात चार वेळा खरेदी करणाऱ्याला वीस रुपये ब्रोकरेज काय आणि शून्य काय. एसटीटी, स्टँप ड्युटी, जीएसटी तर सगळीकडे सारखेच. विचारायचं ते हे: डिमॅटचा वार्षिक आकार किती? छोट्या गुंतवणूकदारासाठी बेसिक डिमॅटची सोय आहे, ४ लाखांपर्यंतच्या शेअर-युनिटांवर आकार नाही आणि १० लाखांपर्यंत वर्षाला १०० रुपये. ती आपल्याला लागू केली आहे का, हे ब्रोकरला स्पष्ट विचारा. विकताना दर वेळी डीपीचे किती? बाजार धाडकन पडतो त्या दिवशी ॲप चालतं का, आणि फोन माणूस उचलतो का? हे शेवटचं जाहिरातीत कळत नाही. जुन्या ग्राहकांना विचारावं लागतं.

आणि शेअर आपल्याच नावावर आहेत ना, हे ब्रोकरच्या ॲपवर नव्हे, तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीच्या स्वतःच्या खात्यात शिरून बघायची सवय लावा. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याचं उघड झालं, तेव्हा ग्राहकांना ॲपवर आणि कागदावर सगळं जागच्या जागी दिसत होतं. त्यानंतर नियम कडक झाले. तरीही डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट उघडून बघण्याला पर्याय नाही.

ॲपमध्ये एक दार असतं, फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं. ते बंदच असू द्या. ‘सुरू करा’ असं ॲप विचारेल, गोड भाषेत विचारेल, कारण तुम्ही जितक्या वेळा घ्याल-विकाल तितकी त्याची कमाई. सेबीच्याच पाहणीत २०२४-२५ मध्ये तिथे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९१ टक्के लोक तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींहून जास्त होता. दहातला एक आपणच, असं त्या प्रत्येकाला वाटलं असणार.

शेवटी कागद. वडील गेल्यानंतर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शेअरची छापील सर्टिफिकेटं सापडली. दोन कंपन्यांची नावं बदललेली, सह्या जुळेनात, सात वर्षं लाभांश न उचलल्यामुळे काही शेअर केंद्र सरकारच्या आयईपीएफ निधीकडे गेलेले. ते सोडवायला मला जेवढे हेलपाटे घालावे लागले, तेवढे घराच्या कर्जालाही पडले नव्हते. म्हणून प्रत्येक खात्यावर नॉमिनी लावा. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. तो फक्त पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. तेव्हा साधं का होईना, मृत्युपत्र करा. आणि सगळ्या खात्यांची यादी एका कागदावर लिहून घरातल्या माणसाला दाखवा. यादी एका पानात मावत नसेल तर खाती जास्त झालीत. विसरलेले फंड शोधायला सेबीची ‘मित्र’ आणि बँकेतल्या बेवारस ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेची ‘उद्गम’ या दोन सोयी आहेत. आईवडिलांच्या नावाने एकदा शोधून बघाच.

एवढं सगळं एका रविवारात होत नाही. यूएएन आणि नॉमिनेशन या आठवड्यात करा, फंडांची स्टेटमेंटं पुढच्या महिन्यात काढा, ब्रोकरचं नंतर बघू. आणि आज महिन्याची तीन किंवा चार तारीख असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी पीपीएफचे पैसे भरून या.